हवेच्या भरवशावर

जून १९७८. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या ट्रॅकवर ब्रॅबम संघाचे मेकॅनिक आपल्या दोन लाल गाड्या बाहेर आणून उभ्या करत, तेव्हा गाडीच्या मागच्या तोंडावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण बसवलेलं असे. झाकणाआड भलामोठा पंखा होता. तो तिथे आहे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तो नेमकं काय करतो आणि किती करतो, एवढंच झाकायचं होतं. फॉर्म्युला वनमध्ये पात्रता फेरीला प्रत्येक संघ गाडीत मोजकंच पेट्रोल घालतो, कारण हलकी गाडी जास्त पळते. ब्रॅबमने निकी लाउडा आणि जॉन वॉटसन या आपल्या दोन्ही ड्रायव्हरांना टाक्या भरून पाठवलं. आपली गाडी आहे त्याहून वेगवान दिसावी म्हणून धडपडणाऱ्यांच्या गर्दीत हा एकच संघ ती मंद दिसावी म्हणून झटत होता. तरीसुद्धा वॉटसन दुसरा आणि लाउडा तिसरा आला.

बिंग फुटायला आणखी एक कारण होतं. उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती जागच्या जागी खाली बसायची. इंजिनाला जोडलेला पंखा फिरला, गाडीखालची हवा उपसली गेली, की सस्पेन्शन दबून आख्खी गाडी रस्त्याकडे ओढली जायची. ती शर्यतीत काय करणार, याचा अंदाज जाणकारांना तेवढ्यावरून आला.

शर्यतीच्या गाडीबद्दल बोलताना आपल्याकडे आधी इंजिन निघतं. किती सिलिंडर, किती हॉर्सपॉवर, शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद. पण वेळ खरा कमावला जातो तो वळणांवर, आणि वळणावर इंजिनाचं फारसं काही चालत नाही. तिथे सत्ता टायरची. टायर रस्त्यावर जितका जोरात दाबला जाईल तितकी त्याची पकड जास्त. मग गाडीत वाळूची पोती का भरू नयेत? कारण वजन वाढलं की ते वजन वळवायलाही तेवढीच जास्त पकड लागते, आणि हिशेब पुन्हा शून्यावर येतो. टायरला जाणवेल पण वळणावर ओढून न्यावं लागणार नाही, असं ओझं हवं. ते फक्त हवा देऊ शकते. यालाच रेसिंगवाले डाउनफोर्स म्हणतात.

हवेला कसला आलाय जोर, असं वाटत असेल तर ३ जून २०२० आठवा. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं आणि घराघरांवरचे पत्रे उडाले. वारा छपरावरून वेगाने जाताना तिथला दाब उतरतो, घरातल्या हवेचा दाब मात्र तसाच राहतो, आणि आतली हवा पत्र्याला वर ढकलते. वाऱ्याने पत्रा ‘उचलून नेला’ असं आपण म्हणतो, पण त्याला वर रेटण्यात घरातल्या हवेचाही मोठा हात असतो. शर्यतीची गाडी म्हणजे हेच छप्पर उलटं केलेलं. वेगवान हवा खालून काढायची, दाब तिथे उतरवायचा, आणि वरच्या हवेला गाडी खाली रेटू द्यायची.

आकडा ऐकण्यासारखा आहे. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन असतो. तो सगळीकडून सारखा असतो म्हणून आपल्याला जाणवत नाही. गाडीच्या पोटाखाली त्यातला नुसता ५ टक्के कमी करता आला, तर दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन जोर तयार होतो. फॉर्म्युला वनची आजची गाडी ड्रायव्हरसकट, पेट्रोल सोडून, ८०० किलोंच्या आसपास भरते. म्हणजे पोटाखालचा दाब थोडासा हलवला तरी गाडीच्या वजनाला टक्कर देणारं बळ उभं राहतं.

हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि पुढची सगळी भानगड या एका गोष्टीतून निघते. ताशी ३०० किलोमीटरला जितका डाउनफोर्स मिळतो, त्याचा चौथा हिस्सा १५०ला उरतो. ५०च्या वेगाने वळायच्या चिंचोळ्या वळणावर तर छत्तिसावा. त्यामुळे या गाडीच्या ड्रायव्हरला आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली शहाणीव मोडावी लागते. वेगाच्या वळणावर भीती वाटली म्हणून पाय उचलला, तर हवेचा हात सुटतो आणि गाडी घसरते. धीर धरून जोरात गेला तरच ती वळते. पकड हवीच असेल तर आधी ती मिळेल असं धरून चालायचं. एखादा ड्रायव्हर त्या खात्रीने आत शिरतो आणि नेमक्या त्याच क्षणी हवा दगा देते, तेव्हा काय होतं याची उदाहरणं पुढे येतीलच.

हवेला असं कामाला लावायची कल्पना स्वित्झर्लंडच्या मिशेल माय या तरुण इंजिनिअरने १९५६ मध्ये न्युर्बुरगरिंगला आणली. आपल्या पोर्श ५५० वर, ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर, त्याने विमानाचा पंख उलटा करून बसवला. त्याचा कोनही बदलता येत असे. सरावात ही खासगी गाडी खुद्द पोर्शच्या कारखान्याच्या गाड्यांना भारी पडू लागली. अधिकाऱ्यांनी पंख उतरवायला लावला. कारण दिलं की मागून येणाऱ्याला पुढचं दिसत नाही. पुढच्या सत्तर वर्षांतल्या बहुतेक बंद्यांचा साचा इथेच दिसतो. कल्पना चालते हे सिद्ध झालं की ती धोकादायक ठरते. गंमत अशी की बऱ्याचदा ती खरोखरच धोकादायक असते.

मायनंतर दहा वर्षांनी टेक्सासच्या मिडलंड गावात जिम हॉल नावाच्या माणसाने हेच काम नेटाने केलं. हॉल स्वतः इंजिनिअर, स्वतः ड्रायव्हर, दाराशी स्वतःचा चाचणी ट्रॅक, आणि पडद्याआडून शेवरलेच्या संशोधकांची मदत. त्याची १९६६ ची चॅपरल टू-ई जवळून पाहण्यासारखी आहे. मागे दोन उंच खांब, त्यांवर आडवा पंख. खांब बॉडीवर नव्हते, थेट मागच्या चाकांच्या हबवर उभे होते, म्हणजे हवेचा जोर स्प्रिंगांत न मुरता सरळ टायरवर यायचा. हॉलच्या गाडीला क्लचचं पेडल लागत नसे, म्हणून ड्रायव्हरचा डावा पाय मोकळा. त्या पायाखाली त्याने पंखाचं पेडल दिलं. सरळ रस्त्यावर ते दाबून धरायचं, पंख आडवा होतो, हवा कापत जातो. वळण आलं की सोडायचं, पंख तिरपा होतो आणि गाडीला दाबतो. डाउनफोर्सची किंमत नेहमी हवेच्या विरोधाच्या रूपाने मोजावी लागते, आणि ती फक्त गरजेपुरती मोजण्याची सोय हॉलने एका पेडलात केली होती. त्या वर्षी लागुना सेकाला फिल हिलने ही गाडी जिंकून दाखवली, हॉल स्वतः दुसरा आला.

फॉर्म्युला वनने पंख उचलले ते १९६८ मध्ये. बेल्जियन ग्रां प्रीला फेरारी आणि ब्रॅबमच्या गाड्यांवर छोटे पंख दिसले, आणि मोसम संपेपर्यंत सगळ्या मैदानावर काटक्यांवर उभ्या केलेल्या फळ्यांचं जंगल माजलं. हॉलचं पाहून लोटस संघानेही खांब थेट सस्पेन्शनवर रोवले. पण हॉलने केलेला हिशेब घाईत कुणी केला नाही. वजन वाचवायला खांब बारीक ठेवले आणि पंख रुंद करत नेले.

४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंटजुइक टेकडीवरच्या रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री होती. पिटनंतर रस्ता एका उंचवट्यावरून जातो आणि तिथे गाडी क्षणभर हलकी होते. नवव्या फेरीत ग्रॅहम हिलच्या लोटसचा मागचा पंख तिथेच मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. हिल धडधाकट बाहेर आला, आपल्या पंखाचे अवशेष पाहिले आणि प्रकार ओळखला. त्याचा साथीदार योखेन रिंट तसल्याच पंखानिशी सगळ्यांच्या पुढे धावत होता. त्याला थांबवा, हा निरोप वेळेत पोचला नाही. विसाव्या फेरीत त्याच जागी रिंटचा पंख कोसळला आणि त्याची गाडी हिलच्या पडलेल्या गाडीवर जाऊन आदळली.

रिंट जबड्याच्या दुखापतीवर निभावला. त्यानंतर त्याने पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. पुढच्याच मोनॅको ग्रां प्रीत, पहिला सराव झाल्यावर, उंच पंखांवर बंदी आली. नंतर पंख परतले ते बुटके, बॉडीला पक्के आणि न हलणारे. हॉलचं पेडल त्या नियमाने फॉर्म्युला वनपुरतं गेलं. रिंटची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझाच्या लांबलचक सरळ रस्त्यांवर जास्त वेग मिळावा म्हणून त्याने लोटसवरचे पंख काढून सराव केला. ब्रेकचा शाफ्ट तुटला, गाडी भरकटली आणि तो गेला. पंखांवर अविश्वास असलेला माणूस पंख नसलेल्या गाडीत गेला, यावरून काही निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी काढत नाही, कारण तुटला होता शाफ्ट. विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं, तसं मिळालेला तो आजवरचा एकटा ड्रायव्हर.

पंख सगळ्यांना दिसतो, मोजता येतो, नक्कल करता येते. गाडीचं पोट कुणाला दिसत नाही. खरी लूट तिथे होती.

१९७५ चं साल लोटससाठी वाईट होतं. मालक कॉलिन चॅपमनने त्या उन्हाळ्यात एक लांबलचक टिपण लिहून टोनी रड या आपल्या इंजिनिअरच्या हाती दिलं आणि नॉरफोकमधल्या केटरिंगहॅम हॉल या जुन्या वाड्यात एक छोटी तुकडी बसवली. तिच्यात पीटर राइट होता. रड आणि राइट दोघेही पूर्वी बीआरएम या संघात होते आणि गाडीची बॉडीच पंखासारखी करायचा खटाटोप त्यांनी तिथे अर्ध्यावर सोडला होता. आता लंडनच्या इंपीरियल कॉलेजची विंड टनेल त्यांना मिळाली. तिथे गाडीच्या छोट्या मॉडेलखाली पट्टा फिरवून रस्ता पळवता येत असे. पोटाखालची हवा अभ्यासायची तर हे हवंच, कारण खऱ्या गाडीखालचा रस्ता मागे धावत असतो.

प्रयोगात एक दिवस आकडे जुळेनात. तेच मॉडेल, तोच वेग, आणि दर वेळी डाउनफोर्स वेगळा. यंत्र बिघडलं म्हणून सोडून देता आलं असतं. राइटने मॉडेलकडेच निरखून पाहिलं. दोन्ही बाजूंचे पंखाच्या आकाराचे पॉड कामचलाऊ होते, पुठ्ठ्याचे आणि चिकटपट्टीचे. हवा सुरू झाली की ते दबून खाली झुकत आणि त्यांच्या कडा पट्ट्याच्या जवळ जात. कडा जितकी खाली, तितका जोर जास्त. त्याने बारीक तारा लावून पॉड जागच्या जागी बांधले, तेव्हा आकडे स्थिर झाले. मग मुद्दाम पॉडच्या कडांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून फट जवळपास बंद केली. डाउनफोर्स दुपटीच्या घरात गेला, आणि हवेचा विरोध त्या मानाने किरकोळ वाढला. फॉर्म्युला वनचं पुढचं अर्धं दशक त्या पुठ्ठ्यातून निघालं.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. गाडीचं पोट मधे खाली आणि मागे वर उचललेलं असेल, तर हवेला आधी अरुंद आणि मग रुंद होत जाणारा बोगदा मिळतो. अरुंद जागेतून तेवढीच हवा जायची तर ती पळत जाते आणि पळणाऱ्या हवेचा दाब उतरतो. पण बाजूच्या फटीतून बाहेरची हवा आत घुसली की सगळं मुसळ केरात. म्हणून बाजूला स्कर्ट, रस्त्याला घासत जाणारी झालर. लोटसने आधी ब्रश लावले, मग प्लास्टिक, आणि अखेरीस उंचसखल रस्त्याबरोबर वरखाली सरकणारे कडक स्कर्ट.

ही गाडी, लोटस ७८, सन १९७६ मध्येच धावण्याजोगी झाली होती. लोटसचा ड्रायव्हर मारिओ अँड्रेटी ती मागत होता, पण चॅपमनने दिली नाही. अर्ध्या मोसमात दाखवली तर हिवाळ्यात सगळे नक्कल करतील, हा त्याचा हिशेब. ती १९७७ मध्ये उतरली आणि अँड्रेटीने तिच्यावर चार शर्यती जिंकल्या. पिटमध्ये वावड्या उठल्या की लोटसच्या डिफरन्शिअलमध्ये काहीतरी करामत आहे. चॅपमनने त्या खोडून काढण्याची तसदी घेतली नाही, उलट त्यांना खतपाणीच घातलं. पुढच्या वर्षीची लोटस ७९ झोल्डरला पहिल्याच शर्यतीत जिंकली, आणि मोसमाअखेर अँड्रेटी विश्वविजेता झाला.

ब्रॅबमच्या गॉर्डन मरे या डर्बनहून इंग्लंडला आलेल्या डिझायनरची तोवर पंचाईत झाली होती. लोटसची करामत त्याला कळली होती, पण ती करता येत नव्हती. त्याच्या गाडीत अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं इंजिन होतं, आणि ते आडवं पसरलेलं. जिथे बोगदा हवा, नेमके तिथे दोन्ही बाजूंचे सिलिंडर. मग त्याला जिम हॉल आठवला. १९७० मध्ये हॉलने चॅपरल टू-जे नावाची गाडी आणली होती. एका खोक्याच्या मागे दोन पंखे, ते फिरवायला बर्फावर चालणाऱ्या गाडीचं वेगळं इंजिन, आणि कडांना स्कर्ट. तिच्या पकडीला वेगाची गरज नव्हती, उभी असतानाही ती रस्त्याला चिकटलेली असे. वॉटकिन्स ग्लेनला जॅकी स्टुअर्टने तिच्यावर शर्यतीतली सर्वांत जलद फेरी नोंदवली. तिची तब्येत नाजूक होती, शर्यत जिंकणं तिला जमलं नाही, आणि वर्षाअखेर तिच्यावर बंदी आली.

फॉर्म्युला वनच्या नियमात हलणाऱ्या हवाई भागांना मनाई होती. मरेने वकिलाच्या थाटात वाट काढली. त्याने रेडिएटर इंजिनाच्या वर आडवा टाकला आणि पंख्याने त्यातून हवा ओढली. पंख्याचं मुख्य काम इंजिन थंड ठेवणं आहे, गाडी खाली ओढली जाते ते ओघाने. शब्दांत पाहिलं तर बिनचूक.

अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत एक प्रसंग असा घडला की झाकणाने झाकलेलं सगळं उघडं पडलं. दुसऱ्या एका गाडीच्या इंजिनातून ट्रॅकवर तेल सांडलं. बाकीचे ड्रायव्हर जपून, घसरत चालले असताना लाउडाची गाडी त्याच रस्त्यावर जणू तेल नाहीच अशी गेली. अँड्रेटीला मागे टाकून लाउडा ३४ सेकंदांच्या फरकाने जिंकला. ही गाडी पंख्यातून मागच्यांवर दगड-धूळ फेकते, अशी तक्रार झाली. मरेने ती मानली नाही. माझ्या मते दगड हे निमित्त होतं. ब्रॅबमचे मालक बर्नी एकलस्टन त्याच वेळी सगळ्या संघांच्या संघटनेचे सूत्रधार होते, आणि टीव्हीच्या पैशांच्या मोठ्या लढाईत त्यांना बाकीचे संघ आपल्या बाजूला हवे होते. त्यांनी गाडी मागे घेतली. थोड्याच दिवसांत नियामकांनीही दार लावलं. विजय कायम राहिला. एक शर्यत, एक विजय, असा तिचा एकूण जमाखर्च. सौदा म्हणून पाहिलं तर एकलस्टननी यापेक्षा चांगला क्वचितच केला असेल.

पुढची काही वर्षं मला या गोष्टीतला सर्वांत काळाकुट्ट भाग वाटतो. स्कर्टचे बोगदे सगळ्यांनी उचलले, विल्यम्सने तर लोटसपेक्षा सरस केले. पण स्कर्ट अडकला, तुटला, गाडी कडेच्या उंचवट्यावरून उडाली, की डाउनफोर्स एका क्षणात नाहीसा होई. उरलेली गाडी तीच, वेग तोच, पकड गेलेली. ड्रायव्हरला पूर्वसूचना नाही. म्हणून १९८१ मध्ये सरकते स्कर्ट बंद केले आणि गाडीखाली सहा सेंटिमीटर मोकळी जागा सक्तीची केली. ही जागा मोजायची कधी? गाडी पिटमध्ये उभी असताना, कारण पळत्या गाडीखाली पट्टी धरणार कोण? मरेने हे बरोबर हेरलं. त्याच्या नव्या ब्रॅबमच्या सस्पेन्शनमध्ये हवा आणि तेल होतं. वेग वाढला की हवाच गाडीला दाबून खाली बसवी, तेल एका बारीक छिद्रातून हळूहळू निसटे, आणि ते तितक्याच सावकाश परतत असल्याने गाडी शर्यतभर खालीच राही. शर्यत संपल्यावर ड्रायव्हर रमतगमत एक फेरी मारी, तेवढ्यात ती उठून बसे. पट्टी लावली, सहा सेंटिमीटर बरोबर. ब्रॅबमचा नेल्सन पिके त्या वर्षी विश्वविजेता झाला.

हसू येतं खरं, पण १९८२ पर्यंत सस्पेन्शन नावापुरतं उरलं होतं आणि ड्रायव्हरांच्या पाठी, माना, डोळे त्याची किंमत मोजत होते. त्या वर्षी मे महिन्यात झोल्डरला जिल व्हिलनव्ह गेला, ऑगस्टमध्ये हॉकनहाइमला दिदिए पिरोनीचे पाय चेचले जाऊन त्याची कारकीर्द संपली. दोन्ही अपघातांत पुढच्या हळू गाडीवर आदळणं हे थेट कारण, ते स्कर्टच्या माथी मारता येत नाही. पण वळणांवरचे वेग माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेत, ही भावना पक्की झाली, आणि १९८३ पासून चाकांमधलं पोट सपाट असलं पाहिजे असा नियम आला. अँडरस्टॉर्पच्या पंख्यावरची बंदी राजकारणाची होती असं मी म्हटलं. ही तशी नव्हती, आणि ती यायला तीन वर्षं उशीर झाला.

चार दशकं मग डाउनफोर्सचा धंदा पुन्हा मुख्यतः वर, पंखांवर आणि त्यांच्या शेकडो पिल्लांवर चालला. त्यातून एक नवं दुखणं उभं राहिलं. या पंखांनी घुसळलेली हवा मागच्या गाडीला मिळते, आणि घुसळलेल्या हवेतून जोर निघत नाही. मागची गाडी जवळ आली की वळणावर घसरते, टायर तापतात, आणि शर्यत मिरवणूक होऊन बसते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या आकड्यांनुसार पुढच्या गाडीपासून १० मीटरवर असलेली जुन्या घडणीची गाडी आपला सुमारे ४६ टक्के डाउनफोर्स गमावत असे. यावर उपाय म्हणून २०२२ मध्ये पोटाखालचे बोगदे अधिकृतपणे परत आणले, या वेळी स्कर्टशिवाय. खालची हवा तुलनेने कमी घुसळते, हा विचार.

पहिल्याच चाचणीला, फेब्रुवारीत बार्सिलोनाला, सरळ रस्त्यावर गाड्या उड्या मारू लागल्या. वेग वाढला की पोट खाली ओढलं जातं, फट इतकी बारीक होते की प्रवाह कोंडतो, जोर सुटतो, गाडी वर उसळते, हवा पुन्हा वाहू लागते, पुन्हा ओढ. हे सेकंदाला अनेक वेळा. जगातले सर्वांत महागडे इंजिनिअर गाफील कसे राहिले? नियमांनी विंड टनेलमधल्या मॉडेलला ६० टक्क्यांहून मोठं असायची आणि हवेला ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेगाने वाहायची मुभा नाही. दुखणं त्याच्या बरंच वर सुरू होत होतं. आणि १९८० च्या आसपास ज्यांनी हा आजार पाहिला होता, त्यांतले बहुतेक निवृत्त झाले होते. सगळे नाही. तेव्हा रेड बुलमध्ये असलेल्या एड्रियन न्यूईने साउदॅम्प्टन विद्यापीठात शिकताना, १९८० मध्ये, ग्राउंड इफेक्टवरच, म्हणजे पोटाखालच्या हवेच्या या ओढीवरच, प्रबंध लिहिला होता. रेड बुलची गाडी इतरांपेक्षा कमी उसळली, आणि पुढच्या वर्षी त्या संघाने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. मर्सिडीजच्या लुइस हॅमिल्टनला मात्र जून २०२२ मध्ये बाकूची शर्यत संपल्यावर पाठ धरून गाडीतून उतरावं लागलं. मग महासंघाने गाडी किती उसळते हे मोजायला सुरुवात केली आणि २०२३ साठी पोटाच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या. सारा खेळ अशा मिलिमीटरांचा आहे. पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी असते, ती झिजून ९ च्या खाली गेली तर गाडी बाद. रात्रीच्या शर्यतीत गाडीखालून उडणाऱ्या ठिणग्या टीव्हीवर पाहून आपण टाळ्या वाजवतो, त्या या फळीत बसवलेल्या टायटेनियमच्या तुकड्यांच्या. मार्च २०२५ मध्ये शांघायला हॅमिल्टन, आता फेरारीत, याच फळीपायी बाद झाला. आदल्या दिवशीची छोटी शर्यत तो तिथेच जिंकला होता.

२०२६ साठी नियम पुन्हा बदलले. पोटाखालचे बोगदे आवरते घेतले गेले, आणि पुढचा व मागचा असे दोन्ही पंख हलते झाले, सरळ रस्त्यावर आडवे आणि वळणाआधी तिरपे. मागच्या पंखाची एक पट्टी उघडायची सोय ओव्हरटेक करणाऱ्यासाठी २०११ पासून २०२५ पर्यंत होतीच. ती वेळेवर मिटली नाही तर काय होतं हेही पाहून झालंय. २०१८ मध्ये मोंझाला सरावात मार्कस एरिक्सनच्या गाडीचा पंख ब्रेक लावूनही मिटला नाही आणि गाडी हवेत कोलांट्या खात गेली. एप्रिल २०२५ मध्ये सुझुकाला जॅक डुहानची गत वेगळी होती. तिथल्या पहिल्या वळणात शिरताना ब्रेक जवळपास लागत नाही, त्यामुळे पट्टी आपोआप मिटत नाही, ती ड्रायव्हरने मिटवायची असते. ती उघडीच राहिली, मागच्या चाकांवरचा जोर गेला आणि गाडी भरवेगात कठड्यावर आदळली. दोघेही बचावले. नव्या गाड्यांत ही उघडझाप प्रत्येक फेरीला, ठरवून दिलेल्या प्रत्येक सरळ रस्त्यावर, मैदानातला प्रत्येक ड्रायव्हर करतो.